बिनक्यारेजचा मुराळी

माणसं काशीला जाऊन येतात आणि गावाला जेवण घालून सांगतात. मी तासगावच्या पल्याड जाऊन आलो. कराडातनं येस्टीत बसलं की माणूस अर्ध्या दिवसात तिथं उतरतो, त्यात सांगण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. पण मी सायकलीनं गेलो, आणि ज्या ऐटीत गेलो त्या ऐटीत परत आलो नाही. ज्यांना अजून लेकीला आणायला जायचंय त्यांनी हे वाचावं. बाकीच्यांनी हसावं, माझी ना नाही. शाळा चौथीपर्यंत झालीय, तेव्हा लिहिण्यातलं चुकलंमाकलं तुम्हीच नीट करून घ्या.

कराड, रमजानभाईचं दुकान

सायकल म्हणजे माझी दुधाची सायकल. डबल बारची, जाड टायरची. पाणंदीच्या चिखलातनं, मळ्यामळ्यातनं दूध गोळा करून मी तिच्यावरनं डेअरीला नेलं, त्यात माझी उमर गेली. मागं लोहाराकडनं करून घेतलेलं लोखंडी सळ्यांचं क्यारेज, त्याच्या दोन्ही अंगाला कॅन अडकवायचे आकडे. चढाला उतरून ढकलावी लागायची आणि उतार आला तरी ती फारसं मनावर घ्यायची नाही.

माघात शालनची आई गेली. शालन माझी एकुलती एक लेक. तिच्या आईचं नाव मी जन्मात घेतलं नाही, आता घेऊन काय उपयोग. ती गेल्यावर म्हशी विकल्या, कारण धार तीच काढायची. दूध बंद झालं, सायकल कुडाला टेकली. धारेच्या वेळेला जाग यायची आणि करायला काही नसायचं. घरात बसवत नव्हतं. बाहेर कट्ट्यावर बसलं की लोक विचारायचे, "जेवलासा का आप्पा?" तेही नको वाटायचं.

आषाढ सरत आला तेव्हा शालनच्या सासरकडचा एक माणूस बैल बघायला आमच्या गावी आला. तो म्हणाला, "तुमची लेक इचारत हुती, औंदा पंचमीला मुराळी येनार का म्हनून."

ज्यांच्याकडं ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नागपंचमीला लेक माहेरी येते. तिला आणायला जो जातो तो मुराळी. भाऊ जातो, भाऊ नसला तर बाप. मुराळ्यानं शिदोरी न्यायची, ती लेकीच्या वस्तीवर घरोघर वाटतात, आणि दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन निघायचं. शालनच्या पहिल्या पंचमीला तिचा मामा गेला होता. तो आता अंथरुणाला खिळलाय. मागची दोन वर्षं तिच्या आईच्या दुखण्यात गेली. आईच्या दहाव्याला शालन आली होती, तेव्हा तिची सासू चारचौघींत बोलून गेली होती, "आता कोन नेनार बाई तुला? आई हाय तवर माहेर." ते माझ्या कानावर होतं. म्हणून जायचंच होतं. मी नाही गेलो तर त्या बाईचं बोलणं खरं होत होतं.

पण येस्टीनं जाणार नाही म्हणालो. येस्टीत मला मळमळतं हे खरं, तरी खरं कारण ते नव्हे. मला रस्त्याला लागायचं होतं. दिवसभर पाय हलले की झोप तरी लागते. लेकीचं निमित्त झालं. हे मला निघताना कळलं नव्हतं.

सायकल रमजानभाईकडं नेली. त्यानं तिच्याभोवती एक फेरी मारली.

"आप्पा, ही सायकल न्हाई, रनगाडा हाय."

"म्हनून तर आनली. डांबरी रस्त्यानं पळाया पायजे. काय काढायचं ते काढ."

त्यानं जाड टायर काढून बारीक घातले. पायडलाचं दात्यांचं चक्कर मोठं बसवलं आणि मागचं लहान, म्हणजे एका पायडलात सायकल लांब जाते. चाकांचा आऊट काढला, म्हणजे लचकत फिरायची ती सरळ केली, एक्सलमधल्या जुन्या लोखंडी गोळ्या टाकून नव्या घातल्या, ग्रीस भरलं. चेनकव्हर काढलं, कॅनचे आकडे काढले, दुहेरी स्टँड काढून बाजूचा एकपायी लावला. मग चाक उचलून एक हिसका दिला आणि बिडी पेटवली. बिडी अर्धी झाली तरी चाक फिरतच होतं. मी पोरासारखा बघत बसलो.

"क्यारेज?" त्यानं विचारलं.

"त्याचंच तर वजन हाय. काढ."

"र्‍हाऊ द्या की आप्पा. मागं काय ठेवायचं झालं तर?"

"माझ्या मागं कोन बसनार हाय आता?"

त्यानं पाना लावला. क्यारेजच्या सळ्यांना शालनच्या आईनं एक चिंधी गुंडाळलेली होती, जुन्या लुगड्याचा जांभळा काठ. त्या चिंधीसकट क्यारेज भंगाराच्या ढिगावर पडलं.

शेजारच्या गोदावैनींनी शिदोरी करून दिली होती, टोपलीभर कानवले आणि लाडू. मी म्हणालो, "वैनी, टोपली ठेवाया जागा न्हाई. हँडलला पिशवी अडकवनार."

"मग आर्धंच नेनार व्हय?"

"आर्धंच द्या."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग पदरानं तोंड पुसलं आणि अर्धे कानवले परत डब्यात ठेवले.

सुर्लीचा घाट

सकाळी कृष्णेच्या पुलावर आलो. नदी तांबडी, काठोकाठ. पुलावर वारं मागनं होतं आणि सायकल अशी पळायला लागली की मी पायडल मारायचं थांबवलं. तिच्या नव्या गोळ्यांचा आवाज नाही, खडखड नाही. बायको जाऊन सहा महिने झालेल्या माणसाला लाज वाटावी इतका मला आनंद झाला. ओगलेवाडीच्या पुढं एका वैरणीच्या गाडीवानाला मी ओलांडलं तेव्हा घंटी वाजवायची काही गरज नव्हती, तरी वाजवली.

घाट मात्र ढकलत चढलो. वरती पोचलो की मुलूख बदलतो. मागं वळून बघितलं तर आमच्याकडचा ऊस, पाणी, चिखल. पुढं उघडे माळ, गुडघ्याएवढी बाजरी, आणि आभाळ नुसतं येऊन बघून जातं. पाण्याची रीतही निराळी. आमच्याकडं नदी दारात, तांब्या मागितला की न बघता पुढं करतात. इकडं आधी 'कुठलं पाव्हनं' विचारतात, मग बसायला घोंगडं, मग गुळाचा खडा, आणि सगळ्यात शेवटी पाणी. दोन्ही हातांनी देतात. घेणाऱ्याला उगंच ताठ बसावंसं वाटतं.

कडेगावच्या अलीकडं डांबर संपलं आणि खडी लागली. नुसती अंथरलेली, वर मुरूम वाहून गेलेला. माझी जुनी सायकल त्या खडीवरनं रेड्यासारखी गेली असती. बारीक टायर कसा जाणार? थोडं गेलो आणि मागचा टायर कडेनं फाटला. नळी बाहेर आली आणि फुटली.

रस्त्याच्या कडेला एक खोपट होतं. दारात माझ्याहून म्हातारी बाई बसली होती.

"काय झालं रं?"

"टायर फाटला. खडी लय धारंची हाय आत्या."

"आसंल की. मीच फोडलीया. दुस्काळी कामावर ह्या वढ्यापासनं त्या बाभळीपातुर समदी माझी. गोल फोडली असती तर मुकादमानं घेतली नसती."

"माझ्या टायरची तरी दया करायची."

"तुजा टायर तवा कुठं हुता मला म्हाईत?"

तिनं हुलग्याचं माडगं दिलं, वर बाजरीची भाकरी. आमच्याकडं माडगं आजारी माणसाला देतात. इकडं पाहुण्याला देतात आणि पितानाही बघतात, संपलं की पुन्हा वाढतात. पंप आणि ठिगळाचं सामान जवळ होतं, मी नळीचं पंक्चर काढलं. टायरची फाटली जागा आतनं धरायला काही नव्हतं, तर तिनं अडगळीतनं मोटेच्या चामड्याचा तुकडा काढून दिला. तो आत बसवला, हवा भरली. चाक फिरलं, पण तेवढ्या जागी फुगवटा आला. प्रत्येक फेऱ्याला टप् म्हणायचं. टप्, टप्. पुढचा सगळा प्रवास मी त्या ठेक्यावर केला.

"निगालायस कुठं येवढा नटून?"

"तासगावाकडं. लेकीला आनाया. मुराळी म्हनून."

तिनं सायकलीच्या मागं बघितलं, पुढं बघितलं, पुन्हा मागं बघितलं. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. मला वाटलं, टायरच्या फुगवट्याला हसतेय.

"जा बाबा," ती म्हणाली, "लेक वाट बगत आसंल."

येरळा नदी ओलांडली आणि तिन्हीसांजेला विट्यात पोचलो. गावात कापडाचे माग चालू होते, सगळी आळी एका सुरात खटखटत होती. देवळाच्या ओवरीत पडलो. माघापासनं पहिल्यांदा गाढ झोप लागली.

तासगावच्या पल्याड, मळा

दुसऱ्या दिवशी तासगावच्या गणपतीचं गोपूर लांबनं दिसलं तेव्हा मी पटका नीट बांधला. गावाबाहेर बराच वेळ गेल्यावर फाटा लागतो. फाट्यापासनं आत दीड कोस कच्चा रस्ता, मग जावईबापूंची वस्ती. दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव. आमच्या डोळ्याला हे नवलच. आमचा ऊस उभा राहतो, ह्यांच्या वेलाला लेकरासारखं हात धरून वर चढवावं लागतं. जावईबापू वेलांवर मोरचुदाचं औषध फवारत होते. हात कोपरापर्यंत निळे.

"आप्पा! सायकलनं? ह्या वयात?"

मग काय विचारता. मी त्यांना दात्यांच्या चक्रापासनं गोळ्यांपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी चाक फिरवून बघितलं. दारातनं शालन बघत होती. वाळली होती. मी तिला "बरी हायेस का" इतकंच विचारलं आणि परत सायकलीबद्दल बोलायला लागलो.

विहीणबाईंनी पिशवी घेतली. आत डोकावल्या. "शिदोरी का वानवळा?" एवढंच म्हणाल्या आणि वाटायला बसल्या. वस्तीवर घरं बरीच. कानवले पुरेनात, तेव्हा त्यांनी सुरी मागवली आणि एकेक कानवला मधनं कापला. कापताना सारण सांडत होतं, ते त्यांनी नखानं गोळा केलं. मी खांबाला टेकून बघत होतो. शालन अर्ध्याअर्ध्या कानवल्याचं ताट घेऊन घरोघर गेली.

आमच्यात नातवाचं तोंड बघेपर्यंत लेकीच्या घरचं अन्नपाणी घेत नाहीत. मग मुराळ्याला शेजारी जेवू घालतात. ज्या घरी अर्धा कानवला गेला होता, त्याच घरात माझं ताट मांडलं. त्यांनी भात वाढला, वर तूप ओतलं, "लाजू नका पाव्हनं" म्हणाले. पोटभर जेवलो. भूक होती, काय करणार.

सकाळी निघायची वेळ झाली. लेक निघते तेव्हा वस्तीवरच्या बाया जमतात, ओटी भरतात. शालन हिरवं लुगडं नेसून, गाठोडं घेऊन दारात आली. मी सायकल धरून उभा. विहीणबाई पुढं आल्या आणि सायकलीच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या.

"पाव्हनं, सायकल लय झ्याक हाय. पर माझी सून बसनार कुठं? दांडीवर?"

बाया हसल्या. मी मागं बघितलं. मागं मडगार्ड होतं आणि त्याच्यावर काही नव्हतं.

खरं सांगतो, माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. घरनं निघाल्यापासनं एकेक दाता, एकेक गोळी डोक्यात होती. लेकीला आणायला निघालोय तर ती बसणार कुठं, हे एकदाही डोक्यात आलं नाही. ती माळावरची म्हातारी कशाला हसली ते मला तिथं कळलं.

"का मोकळंच जायचं ठरवून आलासा?" विहीणबाई म्हणाल्या. "मी म्हनलं न्हवतं का, आई गेली की माहेराला कुलूप."

"ऱ्हाऊ द्या आई," जावईबापू म्हणाले, "मी गाडी जुंपतो."

"जुंप की! मुराळी आन् लेक दोगास्नीबी फाट्याला सोडून ये. समदी वस्ती बगंल, माहेरचं मानूस आमच्या गाडीत बसून चाललंया."

मी गावात फटकळ म्हणून नावाजलेला. डेअरीच्या चेअरमनला तोंडावर बोललेला माणूस. तिथं मी नुसती घंटीवरची धूळ पुसत राहिलो.

शालन पायरी उतरली. "आत्ती, गाडी नगं. आप्पांचं काय चुकलं न्हाई. त्या बैलवाल्याकडनं मीच निरोप धाडला हुता, की तुमास्नी आता ओढवत न्हाई, तवा समदं काढून सायकल हलकी करून आना. मला चालायची हौस हाय. मांडवाखाली वाकून वाकून पाठ आखडलीया."

डोळे खाली न घालता बोलली. सगळं खोटं. आणि तो सूर माझ्या ओळखीचा होता. मी पाहुण्यांत वेडंवाकडं बोलून बसलो, सोयरीक बिघडायची वेळ आणली, की शालनची आई मागनं पुढं यायची, "त्यास्नी मीच तसं बोलाया सांगिटलं हुतं." माणसं तिला बोल लावायची आणि मी मिशीवरनं हात फिरवायचो. फटकळ असायला काय लागतं, मागं असं कुणी असलं की झालं.

विहीणबाईंना खोटं कळलं होतं. त्यांनी सुनेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्यांचाही सूर उतरला. "जा बाई चालत," म्हणाल्या. "पर सन झाल्यावर माघारी चालत धाडू नका म्हनावं."

फाट्यापर्यंत

गाठोडं सायकलीच्या सीटवर ठेवलं, मी हँडल धरलं, शालन मागं. टप्, टप्. मांडवाखालच्या बाया वाकून विचारायच्या, "मुराळी का वं?" मी म्हणायचो, "व्हय." मग त्यांची नजर मागं चालणाऱ्या लेकीकडं जायची आणि पुढचा प्रश्न त्या गिळायच्या. एकीनं नाही गिळला. "मग लेक का चालती?" शालनच म्हणाली, "हौस हाय म्हनून."

वस्ती दिसेनाशी झाली तेव्हा ती थांबली. सायकलीच्या मागं आली आणि जिथं क्यारेज असायचं तिथं तिनं हात फिरवला. लहानपणी दुधाच्या दोन कॅनच्या मधी बसून ती माझ्याबरोबर डेअरीला यायची.

"चिंधी कुठाय आप्पा?"

"कसली?"

"आईची. क्यारेजला गुंडाळल्याली."

"क्यारेजसंगंच गेली. रमजानभाईच्या ढिगाऱ्यात."

ती पुन्हा चालायला लागली. मग म्हणाली, "ती कशापायी गुंडाळली हुती, म्हाईत हाय का तुमास्नी?"

"कॅन वाजू नयेत म्हनून."

"आईला सळ्या रुतायच्या. शेवटाला तुमी तिला दवाखान्यात न्हेत हुता तवा अंगावर मास कुठं हुतं तिच्या? मी तिला बगाया आले हुते, तुमी वैरनीला गेलावता तवा गुंडाळली. मी म्हनलं, आप्पास्नी सांग की रुततंय म्हनून. तर म्हनली, नगं, सांगिटलं तर म्हनतील, मग चालत ये."

मी म्हणालो असतो. ते मला तिथंच कळलं. मला ओळखणारी ती बाई चुकीचं बोलली नव्हती.

फाट्याला आलो. येस्टी आली. मी म्हणालो, "तू जा पुढं, मी सायकलनं येतो." शालन म्हणाली, "सायकल टपावर टाका आन् गप बसा माझ्याशेजारी." बसलो. विट्याच्या अलीकडं मला मळमळायला लागलं. लेकीनं माझं डोकं खिडकीबाहेर धरलं. कंडक्टर म्हणाला, "म्हाताऱ्याला मागं बशिवलंसा कशाला?" टपावर माझी हलकी सायकल नाचत होती, तिचा आवाज घाट उतरेपर्यंत ऐकू आला.

परत कराड

रमजानभाईनं क्यारेज दुसऱ्या एका गवळ्याच्या सायकलीला बसवून टाकलं होतं. "मी इचारलं हुतं आप्पा," म्हणाला. खरंच विचारलं होतं. चिंधी दुकानातच होती, ग्रीसच्या डब्यावर. चेन पुसायला घेतली होती. काठ जांभळा होता हे ज्याला माहीत त्यालाच कळलं असतं. रमजानभाईचा चेहरा पडला. शालननं ती उचलली, घडी केली आणि गाठोड्यात, आपल्या कपड्यांच्या मधी ठेवली.

पंचमीला शालन झोक्यावर बसली, गोदावैनींनी पुरणाची दिंडं उकडली, बायांनी फेर धरला. घरात दिवा वेळेवर लागला. तिनं चिंधी कृष्णेवर नेऊन राखेनं घासली, पुन्हा रिठ्यानं घासली. काळी होती ती करडी झाली, त्यापुढं गेली नाही.

शालनला मी माघारी पोचवलं. सायकल टपावर टाकून फाट्यापर्यंत, आणि तिथनं वस्तीपर्यंत तिला नव्या क्यारेजवर बसवून. विहीणबाई दारात होत्या. त्यांनी शिदोरीची टोपली उतरून घेतली. टोपली ह्या वेळी भरलेली होती. प्रवास तिथं संपला असं म्हणायला हरकत नाही. पण माझ्या डोक्यात निघायच्या आदला दिवस राहिलाय, म्हणून तो सांगतो.

रमजानभाईनं नवं क्यारेज बसवून दिलं होतं. शालन पाण्याला गेली होती. चुलीच्या वैलाजवळ चिंधी वाळत होती. मी सायकल भिंतीला नीट टेकवली आणि स्वतःच मागं चढून बसलो. पाय लोंबत होते. पुढच्या सीटवर कुणी नव्हतं. सळ्या रुतल्या. बसून राहिलो. शालनच्या आईला मी असं बसवून कराडच्या दवाखान्यापर्यंत नेलं होतं, आणि खड्डा आला की ओरडायचो, "हलू नगं गं, तोल जातो."

उतरलो आणि चिंधी गुंडाळायला घेतली. मला नीट जमेना, एका बाजूला फुगली, एका बाजूला सळी उघडी राहिली. शालन आली, घागर खाली ठेवली. बघितलं. माझी गुंडाळी उकलली आणि पहिल्यापासनं पुन्हा गुंडाळायला बसली.